काठ ओळखणारी

छत्रपती संभाजीनगर
४ मे २०२५

संस्कृती,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. सहा वर्षांनी लिहिताना कोणता मायना टाकावा ते सुचेना, म्हणून नुसतं नाव.

हे पत्र तुझ्या हाती पडेल की नाही कुणास ठाऊक. तुझ्या एका फोटोत जहाजाच्या कठड्याला अडकवलेली केशरी रिंग अर्धीच आली होती. तिच्यावर जहाजाच्या नावाची शेवटची चार अक्षरं आणि खाली बंदराचं नाव, बाझल. तेवढ्यावरून कंपनी शोधली, स्वित्झर्लंडमधल्या तिच्या ऑफिसचा पत्ता काढला. पाकिटावर तुझं नाव आणि जहाजाचं नाव घातलंय. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, तिकडं कोण असतं? बहीण, म्हटलं. हा शब्द तुझ्याबद्दल तोंडातून निघाला त्यालाही किती वर्षं झाली.

तुझं 'आज कुठं?' हे पान मला मार्चमध्ये सापडलं. नाव नाही, चेहरा नाही. नुसते नदीकाठचे फोटो आणि खाली एकच ओळ, 'ओळखा कुठं.' पण एका फोटोत चहाचा कप धरलेला हात होता आणि मनगटावर पापड तळताना उडालेल्या तेलाचा डाग. त्या डागावर कोरफड चोळणारी मीच होते. मला आणखी पुरावा लागला नाही.

तुझ्या पानावर सगळ्यांच्या आधी बरोबर उत्तर देणारी 'गोदाकाठ५६' ती मीच. एकदा तू विचारलं होतंस, तुम्ही भूगोल शिकवता का? मी हो म्हटलं. अजून पाटबंधारेच्या त्याच ऑफिसात आहे, त्याच टेबलावर. नद्यांच्या पाणीपातळीचे आकडे येतात, ते मी तपासते. तुला आठवत असेल, सर्व्हेचे फोटो मी घरी आणायचे आणि खालचं नाव अंगठ्यानं झाकून तुला विचारायचे, पैठण का गंगाखेड? घाटाचा दगड बघ, पाण्याचा रंग बघ, सावली कुठं पडलीय ते बघ. तू आठवीत गेलीस तोवर माझ्यापेक्षा तरबेज झाली होतीस.

डॅन्यूबच्या काठानं किलोमीटरच्या पाट्या असतात आणि त्या समुद्राकडून उगमाकडं मोजत जातात, हे मला तुझ्या फोटोंनी शिकवलं. आपल्याकडं सगळं उगमापासून मोजतात. निळ्या मनोऱ्याचं ते चर्च ड्युर्नस्टाइनचं, तिथून जवळच २००९ किलोमीटरची पाटी. पासाऊला नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेषा आहेत, सालासकट. डोंगरात कोरलेलं ते दाढीवाल्या राजाचं तोंड रुमानियाच्या बाजूचं. तुझं जहाज जर्मनीतून निघतं आणि खाली काळ्या समुद्राच्या अंगाला जातं, हे सगळं मी या टेबलावर बसून बघते. तू खोल्या आवरतेस की जेवण वाढतेस, ते मात्र कळलं नाही.

आईचे गुडघे गेलेत, देवघरापर्यंत कशीबशी जाते. दादा पिशोरची शेती बघतो, आठवड्यातून दोनदा जातो. मी आहे तशीच आहे. झालं ते झालं. त्यात कुणा एकाचा दोष नव्हता, असं मला वाटतं.

सुलेखा


२५ मे

संस्कृती,

गुरुवारी तुझं पान उघडायला गेले तर उघडेना. वाटलं, इंटरनेट बंद असेल. शेजारच्या टेबलावरच्या अतुलच्या फोनवर बघितलं, तर पान जागेवर होतं. म्हणजे तू मला बंद केलंस. म्हणजे पत्र पोचलं.

तेवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण आता हे दुसरं लिहितेय.

तुला भीती वाटली असणार, की हिला जहाज कळलं, आता आणखी कुणाला कळेल? तू सावध आहेस, हे माझ्या आधीच ध्यानात आलं होतं. तू फोटो दहा-बारा दिवस उशिरा टाकतेस. पासाऊचा फोटो तू ज्या तारखेला टाकलास, त्या दिवशी तिथलं पाणी फोटोतल्यापेक्षा हातभर खाली होतं. त्यांच्याकडं पातळीचे आकडे रोज जाहीर होतात. हे तुला सांगायला नको होतं. सांगून मी तुला आणखी घाबरवतेय, पण मला लपवायचंही नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. तुझ्या मनात असेल की मंजरथचा पत्ता दादाला माझ्याकडून कळला. तसं नाही. तुला तेव्हा जे सांगितलं होतं, तेच खरं.

तू आणि संघपाल तिथं अकरा दिवस लपून होतात. संघपालचा मित्र कृष्णा, त्याच्या मावशीच्या घरी. तुमच्या रजिस्टर लग्नाची नोटीस लागली होती आणि महिना भरायला एकोणीस दिवस बाकी होते. तेवढे दिवस गेले असते तर कुणी काही करू शकलं नसतं. मी हा हिशेब पुष्कळदा केलाय.

आईला मी अजून सांगितलेलं नाही की तू सापडलीस.

सुलेखा


१५ जून

संस्कृती,

हे पत्र घाईत लिहितेय. नीट वाच.

त्या केसची तारीख लागलीय. संघपालनं दादावर आणि पिशोरच्या दोघा चुलतभावांवर घातलेली. सहा वर्षं तारीख पे तारीख चाललं होतं, आता शेवटाला आलंय. तू पोलिसांना लिहून दिलं होतंस की संघपाल घाटाच्या पायरीवरून घसरून पडला आणि हात मोडला. कृष्णाच्या मावशी, आवडाबाई, ज्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलं, त्या करोनात वारल्या. उरला एकटा संघपाल. आणि दादाच्या बाजूनं साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. मी तेव्हा पोलिसांना सांगितलं होतं की त्या दिवशी दादा तापानं घरी झोपून होता, मी त्याला पेज करून दिली.

मी हे सांगितलं होतं हे तुला माहीत होतं का? बहुतेक नसावं.

दादाला आता तुझ्याकडूनही कागद हवाय, कोर्टात चालेल असा. वकील म्हणाला म्हणे, पोरीचं लेखी आलं तर सोन्याहून पिवळं. पहिल्या पत्राचा कच्चा मसुदा मी ऑफिसच्या फाईलमध्ये ठेवला होता. फाईल घरी आणली, आणि ती दादाच्या हाती लागली. चूक माझीच. मसुदा अर्धाच होता; तू जहाजावर असतेस एवढं त्यात होतं, जहाजाचं, कंपनीचं किंवा नदीचं नाव नव्हतं, तुझ्या पानाचं मात्र होतं.

काल दुपारी त्यानं मला समोर बसवलं. आरडाओरडा काही नाही. तो ओरडत नाही तेव्हाच मला जास्त धास्ती वाटते. फोनवर तुझा एक फोटो काढून माझ्यापुढं धरला. म्हणाला, "तुला फोटू बघून समदं कळतं. सांग, कुठाय ती?"

तो फोटो बुडापेस्टच्या पुलाचा होता. मला पहिल्याच नजरेला कळलं. मी म्हणाले, "ही राइन नदी आहे. जर्मनीतलं कोलोन." त्यानं ते फोनमध्ये लिहून घेतलं.

मी विचारलं, तुला पत्ता कशाला पाहिजे? तर म्हणाला, कंपनीला कळवायचंय की हिच्यावर इथं पोलिसचं लफडं आहे. "नोकरी गेली की येती घरी. लई झालं बाहेर राहणं. आली की सही करंल, मग जाऊ दे कुठंबी."

मी आयुष्यात पहिल्यांदा जागा मुद्दाम चुकीची सांगितली. पण तो किती दिवस फसेल? त्या रिंगेचा फोटो अजून तुझ्या पानावर आहे, एप्रिलमधला, खालून तिसरा. तो आधी काढून टाक. मागचे सगळेच काढलेस तरी चालेल.

सुलेखा


६ जुलै

संस्कृती,

तू तो फोटो काढलास. अतुलच्या फोनवर बघितलं. बाकीचे तसेच आहेत, तेवढाच एक नाही. म्हणजे तू माझी पत्रं वाचतेस.

हे कळल्यापासून मला बरं वाटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवून काहीतरी केलंस, आणि मी तुला मे महिन्यात खोटं लिहिलं होतं.

मंजरथचा पत्ता मी सांगितला.

तू मला एकटीला फोटो पाठवला होतास. पाण्यात सोडलेले दोन पाय, मागं घाटाच्या पायऱ्या. खाली लिहिलं होतंस, 'ताई, काळजी करू नको, मजेत आहे. ओळख कुठं!' तुला वाटलं असणार, नुसत्या पायऱ्यांवरून काय कळणार? पण कोपऱ्यात पाण्याची पातळी मोजायची पट्टी होती, पायऱ्यांना ठोकलेली. तिच्यावरचा सातचा आकडा रंगाऱ्यानं उलटा काढला होता. दुरुस्त करून घ्यावा, असा शेरा त्याच्या आदल्या वर्षी मीच मारला होता. मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

संध्याकाळपर्यंत मी गप्प बसले. ही गप्प बसलेली दुपार मी इतकी वर्षं पुण्यासारखी जपून ठेवली. मनात म्हणायचे, मी लगेच नाही सांगितलं. संध्याकाळी दादा आईला बोलत होता, की तुझ्या लाडानं पोरगी गेली, पिशोरात तोंड दाखवायला जागा नाही राहिली. आई भिंतीला टेकून बसली होती. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हणाले, "मंजरथला आहे. घाटाजवळच."

आईसाठी सांगितलं, असं मी स्वतःला समजावत आले. दादाचे उपकार आहेत म्हणून, असंही. खोटं नाही ते. माझं लग्न आठ महिन्यांत मोडलं तेव्हा डोक्यावर अण्णांचं छत्र नव्हतं, दादानंच मला घरात घेतलं आणि एका शब्दानं हिणवलं नाही. पण मला आता खरं लिहायचंय. तुझे ते पाण्यातले पाय बघून मला राग आला होता. मी छत्तीस वर्षांची, ऑफिस आणि घर, घर आणि ऑफिस. आणि तू सगळं टाकून जाऊन मजेत होतीस. मजेत हा शब्द तूच लिहिला होतास.

आणि आणखी एक. मी ओळखलं होतं. ओळखलेलं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाहेर येऊन ते बोलताना माझ्या आवाजात थोडा तोरा होता. दादाला तो कळला नसेल. मला आठवतो.

मी मनात एवढंच म्हणाले होते की तो तुला घेऊन येईल. मारझोड होईल असं वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चुलतभाऊ जीपमध्ये बसताना दिसले, तेव्हा कळायला पाहिजे होतं. जीप गेली, आणि मी आत जाऊन भात लावला.

सुलेखा


२० जुलै

संस्कृती,

आज करमाडला जाऊन आले.

संघपालची तिथं खानावळ आहे, जालना रोडला लागूनच. शेंद्र्याच्या कारखान्यांतले कामगार जेवायला असतात. रविवारी दुपारी बंद ठेवतो. मी गेले तेव्हा तो एकटाच कांदे निवडत बसला होता. मला बघून उठला नाही. बसा, असंही म्हणाला नाही. मग आतून त्याची बायको आली आणि तिनं खुर्ची दिली. श्रेया तिचं नाव. त्यांना दोन वर्षांची मुलगी आहे. हे तुला माझ्याकडून कळावं की नाही, याचा मी बसमध्ये विचार करत होते. कळायला हवं असं वाटलं.

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. हॉटेल मॅनेजमेंटला तुमच्या वर्गात सुरी चालवण्यात त्याचा पहिला नंबर होता, तूच सांगितलं होतंस. आता डाव्या हातानं चिरतो. शिकायला दीड वर्ष लागलं, म्हणाला.

मी त्याला सांगितलं की साक्षीला माझं नाव आहे. ते त्याला माहीत होतं. मग त्यानं एकच विचारलं. "ताई, सहा वर्षं झाली. आम्ही तिथं आहे हे कळलं कसं?"

मी फोटोचं सांगितलं. उलट्या सातचं सांगितलं. तो ऐकत राहिला. श्रेयानं पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

तो समजत होता की कृष्णानं सांगितलं. स्वतःच जागा दिली, आणि स्वतःच दादाला फोन केला, असं. दवाखान्यात कृष्णा भेटायला आला तेव्हा यानं त्याला बाहेर काढलं. कृष्णाच्या लग्नाला गेला नाही. आवडाबाई वारल्या तेव्हा मातीला गेला नाही, ज्या बाईनं त्याच्यावर पडणाऱ्या काठ्या स्वतःच्या अंगावर घ्यायचा प्रयत्न केला, तिच्या मातीला. हे तो माझ्याशी नाही, श्रेयाशी बोलत होता.

आता तुझं.

तुला घरी आणल्यावर तू तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतंस. एकच विचारत होतीस, कसं कळलं, कुणी सांगितलं? तुझा संशय माझ्यावर यायला लागला होता. माझ्याकडं बघायचीस आणि नजर काढून घ्यायचीस. चौथ्या दिवशी मी तुझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "संघपालनंच सांगितलं. घाबरला. दादाला फोन करून म्हणाला, तुमची पोरगी घेऊन जा, मला यातून सोडा."

तू उठून पोळी खाल्लीस. दुसऱ्या दिवशी दादानं पुढं केलेल्या कागदावर सही केलीस, की तो घसरून पडला. आणि घर सोडून जायच्या आधी दवाखान्यात त्याला एकदाच फोन केलास. तू काय बोललीस ते त्यानं आज मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पत्ता सांगितला ते रागात, तोऱ्यात, एका क्षणात झालं. हे दुसरं मात्र मी विचार करून केलं. तुला माझ्यावरचा संशय सोडून दुसरीकडं बघायला काहीतरी हवं होतं, ते मी दिलं. त्यानं तुला कधीही सोडलं नव्हतं. हात मोडला तेव्हाही तो तुझ्या आणि त्यांच्यामध्ये उभा होता. हे मला दादाकडूनच कळलं होतं, तो परत आला त्याच रात्री.

मे महिन्यात मी लिहिलं, 'तुला तेव्हा जे सांगितलं होतं तेच खरं.' तेव्हाही मी ते खोटं टिकवायलाच बघत होते. एकीकडं तुला शोधत होते, आणि एकीकडं हे.

निघताना मी माफी मागायला लागले. संघपाल म्हणाला, "मला माफी देता येत नाही, ताई. तुम्ही कोर्टात काय बोलणार ते सांगा."

मी पिशवी उचलली आणि बसकडं निघाले. साक्ष सात ऑगस्टला आहे.

सुलेखा


८ ऑगस्ट

संस्कृती,

काल माजलगावला कोर्टात साक्ष झाली.

सकाळी दादाच्या गाडीतून गेलो. त्यानं वाटेत गेवराईला थांबून मला चहा घेऊन दिला, बिस्किटं घेतली. माझ्या पाठीवर ऊन येत होतं म्हणून खिडकीला स्वतःचा टॉवेल लावला. हे तुला सांगतेय, कारण तो असाही आहे आणि तू ते विसरली असशील असं मला वाटत नाही. वकिलानं मला दोन वाक्यं पाठ करायला सांगितली होती. ताप होता, घरी होता.

संघपाल मागच्या बाकावर होता. एकटा. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

शपथ झाली. दादाच्या वकिलानं विचारलं, "त्या दिवशी तुमचे भाऊ राजकुमार कुठं होते?"

मी म्हणाले, "घरी नव्हते. सकाळी जीप घेऊन मंजरथला गेले."

वकिलाला वाटलं, मी गोंधळले. त्यानं पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा. मी पुन्हा तेच सांगितलं. तो जजसाहेबांना काहीतरी कायद्याचं म्हणाला, मग माझ्याशी परक्यासारखा बोलायला लागला. पोलिसांना वेगळं का सांगितलं होतं? तेव्हा खोटं सांगितलं, म्हटलं. आता कुणी शिकवलंय? कुणी नाही. फिर्यादीला भेटायला गेला होतात का? हो, गेले होते, वीस जुलैला. यावर तो जरा हसला, की सापडली. मग सरकारी वकील उठले. त्यांनी विचारलं, "आरोपीला ठिकाण कसं समजलं?"

"मी सांगितलं," मी म्हणाले. "बहिणीनं मला विश्वासानं फोटो पाठवला होता. मी जागा ओळखली आणि सांगितली. ते रात्री परत आले तेव्हा माझ्या भावाच्या शर्टावर रक्त होतं. शर्ट मी धुतला."

शर्टाचं मी तुलाही लिहिलं नव्हतं. तिथंच तोंडातून गेलं.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. खाली मी सही केली. बाहेर आले तर दादा गाडीजवळ उभा होता. मला वाटलं मारेल. त्यानं गाडीचं दार उघडलं, माझी पिशवी काढली, जमिनीवर ठेवली. एवढंच म्हणाला, "तुला कुणी ठेवून घेतलं होतं, ध्यानात हाय ना?" आणि निघून गेला.

मी एस.टी.नं आले. शहागडला पुलावरून गोदावरी लागली. पाणी चांगलं होतं. एरवी मी खिडकीतून पातळीचा अंदाज बांधते. काल बांधला नाही.

घरी पोचले तोवर दादाचा फोन येऊन गेला होता. आई दारात उभी होती. गुडघ्यांमुळं तिला उभं राहवत नाही, तरी उभी होती. म्हणाली, "तवाबी तूच अन् आताबी तूच. माझी दोन लेकरं घालवलीस तू."

मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं, की ती आहे, बोटीवर काम करते, चांगली आहे. आईनं ऐकलं की नाही, कळलं नाही. माझे कपडे तिनं आधीच पलंगावर काढून ठेवले होते. घड्या घालून.

सुलेखा


मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
३१ ऑगस्ट

संस्कृती,

मंगळवारी तुझा मेसेज आला. इतक्या वर्षांत पहिला. 'संघपालचा नंबर दे. मला त्याच्याशी बोलायचंय. तुझ्याशी नाही.' मी उत्तर लिहिलं, पण ते जाईना. पाठवून लगेच तू मला पुन्हा बंद केलं असणार. म्हणून पुन्हा पत्रच.

मुकुंदवाडीला एका बाईंच्या घरी वरची खोली मिळालीय. ऑफिस चालू आहे. कुणी काही विचारत नाही, सगळ्यांना माहीत आहे. आज घरोघर महालक्ष्म्या बसल्यात. आईला एकटीला फुलोरा होणार नाही म्हणून सकाळी घरी जाऊन दार वाजवलं. तिनं दार उघडलं, पिठाचा डबा माझ्या हातात दिला आणि आत जाऊन पडली. करंज्या करून, झाकून, मी दादा यायच्या आत निघाले. जाताना तिनं आतूनच विचारलं, "ती जेवती का नीट?" मी म्हणाले, माहीत नाही, आई. फोटोत ती नसते, नुसती नदी असते. "मंग फोटू कशाला बघती?" म्हणाली.

निकाल सप्टेंबरच्या शेवटाला आहे. दादाला शिक्षा होईल असं वकील म्हणतात, मग वरच्या कोर्टात जातील. शिक्षा झाली तर मला आनंद होणार नाही. नाही झाली तर त्याहून नाही.

संघपाल कृष्णाकडं जाऊन आला. मंजरथला, मुलीला घेऊन. कृष्णानं चहा दिला, पोरीला पेरू दिला, आणि बोलला नाही. संघपाल पुन्हा जाणार आहे.

तुझ्यासाठी मी संघपालला फोन केला. म्हटलं, संस्कृती तुमचा नंबर मागतेय, देऊ का? तो म्हणाला, थांबा, घरात विचारतो. दोन दिवस त्याचा फोन आला नाही. मला वाटलं, नाही म्हणतील, आणि मी तुला तसंच कळवणार होते. काल श्रेयाचा फोन आला. ती म्हणाली, "द्या. पण मी घरी असताना करायला सांगा. ते एकटे असताना नको."

नंबर कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलाय. रविवारी दुपारी तीननंतर कर, तुमच्याकडं तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. तू सुरुवात कशी करणार, मला माहीत नाही. ते मी सांगायचं नाही. फोन श्रेया उचलेल. आधी तिच्याशी बोल.

सुलेखा